आजोबांची क्षमा

माझ्या काकांना वस्तू उघडायला फार आवडायचं. बंद करण्याची आवड मात्र देव त्यांना द्यायला विसरला होता. आयुष्यभर एका कचेरीत बसून त्यांनी यंत्रांचे नकाशे काढले. रेषा इतक्या सुबक की बघत राहावं. त्यावरून आपल्याला यंत्रंही कळतात असा त्यांचा समज झाला आणि निवृत्तीनंतर तो समज घरातल्या इस्त्रीवर, पंख्यावर आणि भिंतीवरच्या घड्याळावर कोसळला. घरात काका आणि त्यांची मोठी बहीण, म्हणजे आमची आत्या, अशी दोघंच राहायची. आत्याचं काम एवढंच, की काकांनी जे उघडलं ते गुपचूप दुकानात नेऊन जोडून आणायचं.

आजोबांची जन्मशताब्दी आली तेव्हा काकांची नजर कपाटातल्या पिस्तुलाकडे वळली. हे आजोबांचं जुनं पिस्तूल म्हणजे आमच्या घराण्याच्या एकुलत्या एका पराक्रमाचा पुरावा. घडलं असं होतं, की कुंपणाच्या भांडणात आजोबांनी हे पिस्तूल शेजारच्या तात्यांच्या छातीवर रोखलं, आणि ऐन वेळी हात खाली घेऊन म्हणाले, "जा, माफ केलं तुला!" ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की आजोबा जन्मभर फक्त क्षमाच करत फिरले असावेत, असं आम्हाला वाटे. प्रत्यक्षात त्यांचा राग असा होता, की ते आले की घरातले चमचेसुद्धा आवाज करत नसत.

समारंभात पिस्तूल मांडायचं, तर ते चकचकीत हवं. काकांनी ते उघडलं, पुसलं, तेल दिलं आणि पुन्हा जोडलं. टेबलावर एक स्प्रिंग उरली.

"जुन्या काळी जादा भाग घालायचे," काका म्हणाले.

"हो का?" आत्या म्हणाली. "मग तुला नाकं दोन का नाही दिली?"

पिस्तुलाचा वरचा सरकता भाग अर्ध्यावर अडकला होता. तो ना पुढे जाई, ना मागे येई. शेवटी आत्यानं दोघांना, म्हणजे काकांना आणि पिस्तुलाला, बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे नेलं. मी सोबत गेलो, कारण वाटेत काकांनी पुन्हा काही उघडू नये याची जबाबदारी माझ्यावर होती.

कारागीर स्वतःच्या हुशारीचा पहिला भक्त होता. पिस्तूल हातात घेताच म्हणाला, "कुणी केलं हे? माझ्या दुकानात असलं पाप आणायचं नाही." मग त्यानं लाकडी ठोकणीनं हलके टोले देत अडकलेला भाग सोडवला. काकांनी उलटसुलट बसवलेले तुकडे एकेक करून मऊ कापडावर मांडले आणि उरलेल्या स्प्रिंगला तिची जागा दाखवली. काका परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या पोरासारखे उभे होते.

तेवढ्यात कारागीर मोठ्यानं हसला. गोळीच्या बुडावर जाऊन आदळते ती छोटी सुई त्यानं चिमट्यात धरली होती. "वा! ही तर चक्क उलटी! जाड तोंड पुढे, टोक मागे. अशी सुई शंभर वर्षं आपटली तरी गोळी सुटायची नाही. साहेब, धन्य आहे तुमची!"

"ती मी काढलीच नव्हती!" काका ओरडले.

"सगळे असंच म्हणतात."

काकांना राग आला आणि त्या रागात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी उघडी वस्तू नीट पाहिली. नकाशे काढणाऱ्याचे डोळे होते ते. "हे बघा," ते म्हणाले. "सुईभोवती जुना गंज धरलाय. माझं तेल इथवर पोचलेलंच नाही. आणि सुईला मागून ठोकतो त्या या घोड्याच्या तोंडावर बारीक खड्डे पडलेत. उलट्या सुईचं टोक त्याच्यावर आपटलंय. दोन-तीनदा."

कारागिरानं भिंग लावलं. मग ते भिंग त्यानं काकांच्या हाती दिलं. त्याच्या बाबतीत तीच माफी समजायची.

काका विजयी मुद्रेनं आमच्याकडे वळले आणि मध्येच त्यांचा चेहरा उतरला. घोडा आपटला, म्हणजे कुणीतरी चाप दाबला होता. कुणावर रोखायला हे पिस्तूल आजोबांशिवाय कुणी हाती घेतलं नव्हतं.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "बाबांनी चाप दाबला होता?"

आत्या बाकावर बसली. "दाबला असणार. सुई आईनं फिरवली होती. मी पाहिलं होतं तिला, ओट्यावर बसून हे करताना. मला म्हणाली, बाबांचा राग मोठा आहे, हात त्याहून घाईचा आहे."

"मग तिनं सांगितलं का नाही कधी?"

"सांगितलं असतं तर बाबांनी दुरुस्त करून आणलं असतं."

कारागिरानं सुई सरळ बसवली. उलटी राहू द्या, असं आत्यानं सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "चुकीचं काम माझ्या हातून होणार नाही." म्हणजे आमच्या घरात आता खरोखर चालणारं पिस्तूल होतं आणि काकांनी ते अंगापासून लांब धरून घरी आणलं.

समारंभाला शेजारचे तात्याही आले. नव्वदीला टेकलेले, पण ताठ. भाषणाची पाळी काकांची. ते उभे राहिले, घसा खाकरला आणि दर वेळची क्षमेची गोष्ट सुरू केली. "बाबांनी पिस्तूल रोखलं, आणि..." त्यांनी मांडून ठेवलेल्या पिस्तुलाकडे पाहिलं. मग एकदम म्हणाले, "तात्या, आम्ही इतकी वर्षं खोटं सांगत आलो. बाबांनी माफ केलं नव्हतं. चाप दाबला होता. तुम्हाला आईनं वाचवलं."

सगळ्यांच्या माना तात्यांकडे वळल्या. तात्या मात्र चहा फुंकत होते.

"अरे, मला काय सांगतोस?" ते म्हणाले. "समोर मीच उभा होतो ना! टक् झालं. परत टक् झालं. मग तुझे वडील पिस्तुलाकडे बघून म्हणाले, जा, माफ केलं."

"मग तुम्ही कधी बोललात का नाही?"

"त्या वेळी वाद घालायची सोय नव्हती. आणि नंतर त्या क्षमेपायी त्यांना माझ्याशी इतकं चांगलं वागावं लागलं की म्हटलं, राहू दे. कुंपण माझ्या मनासारखं झालं. आणखी काय हवं?"

आत्या हसता हसता डोळे पुसू लागली. काकांनी पिस्तूल फडक्यात गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः जाऊन पिस्तूल पोलिसांकडे कायमचं जमा केलं. परत आल्यावर ते आत्याशेजारी बसले आणि म्हणाले, "आईबद्दल अजून काय काय माहीत आहे तुला? सगळं सांग."