झाकणावरची मिरची

परवापासून डोळ्याला डोळा नाय. सकीना आपांना साठ वर्षं झाली म्हणून छावणीतल्या बाया पुस्तक काढायल्यात. त्यात तूबी लिही, असं मला म्हणल्या. झोपले तर उठल्यावर आपांबद्दलचं ध्यानात राहील का, ह्या धाकानं जागीच हाय. चार बुकं शिकलेली मी, चुकलं तर संभाळून घ्या.

आपा आमच्या डॉक्टरीणबाई. त्यांची पहिली भेट माझ्या बाळंतपणानंतरची. आधी माझी झोप उडाली, मग जात्यामागून माणसं बोलायला लागली. लोक म्हणले, देवऋषाकडं न्या. माझ्या भावानं, माधवनं, मला टांग्यात घालून आपांच्या दवाखान्यात नेलं. आपांनी माझा हात धरला अन् विचारलं, "बेटी, आवाज काय म्हणतात?" तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी मला स्वतःच्या नजरेखाली ठेवून घेतलं. हळूहळू आवाज गेले.

पण याददाश्त काय परत आली नाय. वरणात मीठ टाकायची, विसरायची, परत टाकायची. सासूबाई म्हणायच्या, "येड गेलं, आता सोंग सुरू झालं." एक दिवस खाम नदीवर धुणं धुतलं, सगळे कपडे मोजून घरी आणले अन् लेकरू तिथंच ठेवून आले. शेजारणीनं उचलून आणलं म्हणून वाचलं. सासूबाई मला ओढतच आपांकडं घेऊन गेल्या.

"विचारा हिला, आई कधी लेकरू विसरती का?"

"बसा ताई," आपा म्हणल्या. "हे सोंग नाय. जवान पोरापोरींना हा आजार झाला की आवाज जातात, पण याददाश्त मागं रेंगाळती. पाय मोडला तर काठी देता ना? हिलाबी काठी द्या."

काठी म्हणजे काय, तर मीठ टाकलं की झाकणावर लाल मिरची ठेवायची. नदीवर जाताना लेकराच्या करदोट्याला दोरा लावून तो माझ्या पदराला बांधायचा.

"शेळी बांधतात तसं?" सासूबाई म्हणल्या.

"तुमची शेळी हरवली का कधी?"

सासूबाईंना हसू फुटलं. त्या दिवसापासून घरात सोंग हा शब्द निघाला नाय. आता झाकणावर मिरची दिसली नाय तर त्याच आधी चाखून बघत्यात.

ईदला आम्ही आपांकडं गेलो. सासूबाई त्यांच्याकडचं खात नाहीत, त्या ओसरीवरच बसल्या. मी आत गेले तर आपांच्या डाळीच्या पातेल्यावर लाल मिरची.

"आपा, तुमची याददाश्त तर शाबूत हाय!"

"हां. पण तू एकटीनंच का ठेवावी?"

मी तिथंच रडले. दवा लई जण देत असतील, पण असं कुणी करत नाय.

आपा सध्या हैदराबादेला लेकीकडं हायत. जाताना त्यांनी मला बजावलं होतं, "झोप गेली की समज, आजार दारात आला. लाज धरू नको. भावाला बोलव." लिहिता लिहिता आत्ता हे ध्यानात आलं. मला वाटलं, मी आपांसाठी जागतीय. सकाळपासून जात्यामागं कुणीतरी हळूच बोलायलंय. सासूबाई लग्नाला गावी गेल्यात, मालक रेल्वेत फिरतीवर हायत. लेकरू माझ्या पदराला बांधलेलं हाय, गाठ मी परत परत बघतीय.

आपांना भरपूर आयुष्य मिळो, त्यांचे गुडघे दुखू नयेत, त्यांचा हात असाच आमच्या हातावर राहो. माझ्यासारख्या लई पोरी त्यांच्या वाटेकडं डोळे लावून हायत.

हा कागद शेजारणीच्या हातून धाडतीय. जो कुणी आधी वाचील, त्यानं छपाईला नंतर द्यावा. आधी जालन्याला फोन लावा. माधव तिथल्या कापसाच्या जिनिंगच्या हाफिसात हाय, तिथं फोन हाय. त्याला म्हणावं, बहिणीची झोप गेली, टेशनावरून टांगा घेऊन ये.