दाताखालची तूर

लातूरच्या बाजारात मी हमाल म्हणून आलो आणि तुरीचा खरेदीदार झालो, ते दातांच्या जोरावर. दाणा दाढेखाली धरून फोडायचा. कट्‌कन दोन फाकी झाल्या तर माल वाळलेला, दबून चपटा झाला तर ओला. त्या एका आवाजावर मी भाव पाडायचो. दुसरे खरेदीदार ओलावा मोजायचं यंत्र आणेपर्यंत माझा सौदा झालेला असायचा.

चाळिशीनंतर फोडलेल्या दाण्यावर लाल डाग दिसायला लागला. हिरड्यांतून रक्त येत होतं. थोरल्या बहिणीनं मिसरी दिली, तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून स्वतः कुटलेली. ती घासायला लागलो आणि पंधरा दिवसांत रक्त बंद. स्वस्तात सुटलो, असं वाटलं.

पुढे हिरड्या सरकल्या, दात लांब दिसू लागले. एका सकाळी बायको म्हणाली, "आवो, तोंड तिकडं करून बोला." तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी बारीक सळई हिरडीत घालून खोली मोजली. म्हणाल्या, मुळाशी कीटण दगडासारखं साचलंय, त्यानं हिरडी सुजते आणि ती सूज आत उतरून हाड खाते. चार खेपा लागतील, भूल देऊन हिरडीच्या आतून साफ करावं लागेल. मिसरी आजच बंद, साखरही तपासून घ्या. मिसरीनं तर रक्त थांबलं, मी म्हणालो. रक्त थांबलंय, आजार नाही, असं त्यांनी सांगितलं.

ते माझ्या कानात शिरलंच नाही. मी चारच्या आकड्याशी भांडत होतो. हंगाम तोंडावर होता, आणि चार म्हणणारा दोनवर येतो हे मला पाठ होतं. घासाघीस करून मी त्यांना एका खेपेवर आणलं. वरवरची सफाई झाली. जिंकून घरी आलो.

तिसऱ्या दिवशी दात हलायला लागले. मी बाजारातून तसाच उठून दवाखान्यात गेलो आणि बसलेल्या लोकांसमोर आवाज चढवला. "चांगले दात हलवून ठिवले तुम्ही. आता दाणा काय तुमच्या सळईनं फोडू?"

बाई चिडल्या नाहीत. "काका, हिरडीनं दात कधीच सोडले होते. ते त्या कीटणाला टेकून उभे होते. उरलेल्या तीन खेपांना या, नाहीतर हे दात जातील."

गिऱ्हाईक बांधायचा हा डाव मला ओळखीचा वाटला. मी गेलो नाही. मिसरी चालू ठेवली आणि बाजारभर त्यांची बदनामी केली. त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही, फक्त कारण बदललंय. माझ्यासारख्याला कुठं अडवायचं हे त्यांना कळायला हवं होतं. त्यांनी मला जिंकू दिलं.

दोन वर्षांत दोन दाढा आपोआप हातात आल्या. मग नांदेडला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो काढून दाखवला. गेलेलं हाड परत भरत नाही, आहे तेवढं टिकवायचं, म्हणाले. त्या दिवशी मिसरी सोडली. महिन्याभरात पुन्हा रक्त. घाबरून फोन केला, तर म्हणाले की हे तसं बरंच आहे, मिसरीनं दडवलेलं आता दिसतंय.

"मंग दात घट्ट व्हतील का?"

"नाही."

यंदा एका शेतकऱ्याच्या पोत्यातला दाणा मी पुढच्या दातांत धरला. दाबायची हिंमत झाली नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी दाणा हातावर काढला आणि त्यानं सांगितलेला भाव कबूल केला.