रस्ता आक्कांच्या पोटाला कळायचा

मला गाडी चालवायला मालकांच्या आईनं शिकवलं, हे आधी लिहून ठेवतो. आक्कांनी जन्मात कधी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. तरी त्यांनीच शिकवलं.

मी भंडाऱ्याकडचा. आठवीत शाळा सुटली, आणि एका ट्रकबरोबर फिरत फिरत तेलगावला येऊन थांबलो. मालकांचं कापसाचं आडत दुकान. त्यांची जुनी जीप मी चार वर्षं चालवली. तिच्या स्टेअरिंगला चार बोटं प्ले होता, म्हणजे चाक तेवढं फिरवलं तरी गाडीला पत्ता नसायचा. म्हणून सरळ रस्त्यावरही ते सारखं डावी-उजवीकडं हलवत राहायचं, तेव्हा कुठं जीप नाकासमोर चालायची. वळणावर खांदे लावायचे. पण खडी कुठं, माती कुठं, टायरमध्ये हवा कमी, सगळं मनगटाला कळायचं.

मग मालकांनी नवी गाडी घेतली. स्टेअरिंग विजेवर चालणारं. उभ्या गाडीत एका बोटानं फिरायचं. दुकानातले हमाल येऊन फिरवून बघायचे. "लई हलकं हाय बे, लेकराच्या खेळण्यावानी!" मला मात्र ते धरलं की धडकी भरायची. हातात काहीच येत नव्हतं. फोन उचलून समोरच्यानं गप्प बसावं, तसं.

पहिल्याच फेरीला आक्कांना धारूरला लेकीकडं बारशाला न्यायचं होतं. घाटात तिसऱ्या वळणावर त्यांना उलटी झाली, नव्या इरकलीवर. मी गाडी कडेला घेतली. शेजारी बसलेले मालक भडकले.

"कावून बे, सकाळी सकाळीच घेतलीस का? गाडी नागावानी चालायलीय! उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघतो. तू आपल्या गावाकडं जा."

दारूला मी कधी शिवलो नव्हतो. ड्रायव्हर झालो म्हणून गावी सांगून आलो होतो. आता कुठल्या तोंडानं परत जायचं?

आक्कांनी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं.

"वास न्हाई त्याच्या तोंडाला. मी मागूनच बघायले, हात हलतेत त्याचे. आठ दिस मी बसते शेजारी. मग काय ते ठरव."

दुसऱ्या दिवसापासून पूजा आटोपली की आक्का पुढं येऊन बसायच्या. गळ्यातलं इष्टलिंग पदराआड, मळमळीवर म्हणून डबीतली लवंग गालात, डोळे मिटलेले. घाट चढायचा, उतरायचा.

"हाललास."

"नाही आक्का, सरळच आहे."

"माजं पोट खोटं बोलंल व्हय? हाललास."

खाली बघितलं तर खरंच, माझे हात अजून जीपच चालवत होते. डावीकडं, उजवीकडं. दोन दिवस त्यांना उतरून ओकावं लागलं. मी हात जोडले की म्हणायच्या, "माफी काय मागतूस लेकरा, गाडी चालव."

चौथ्या दिवशी म्हणाल्या, "जात्याचा खुंटा आवळून धरला की हाताला फोड येतेत. दगूड फिरायलाच हाय. तू नुसता संगं जा."

मी पकड सैल केली. हळूहळू रस्ता परत यायला लागला. हातात नाही, सीटमधून, टायरच्या आवाजातून. पहिल्यासारखा पुरता नाही आला, आजही येत नाही. पण ओळख पटण्याइतका आला.

आठव्या दिवशी सबंध घाट चढलो, आक्का बोलल्याच नाहीत. मी घाबरलो. वाकून बघितलं, तर झोप लागलेली. लवंग ओटीत पडलेली.

घरी येऊन त्यांनी मालकांना एवढंच सांगितलं, "ठेव ह्याला. मी निजले त्याच्या गाडीत."

त्या फेऱ्यांत कधीतरी त्यांनी माझ्या गावाचं विचारलं होतं. धानाचं पीक पाण्यात उभं असतं हे त्यांना पटेना. "पाण्यात? अन् कुजत न्हाई?" आक्का आता थकल्यात, पण अजून अधूनमधून तेच विचारतात. एका श्रावणात मी त्यांना गावाकडचं धान दाखवायला घेऊन जाणार. सबंध वाट, बांधापर्यंत. बांधावर पोचल्यावरच उठवीन, आणि लवंग डबीतली डबीतच राहील असं नेईन.