तांदळाच्या डब्यातल्या गोळ्या

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आईला नाही, बहिणीला नाही. सांगितली ती फक्त एका म्हातारीला, तीही अगदी अलीकडे — ते ओघात येईलच. तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू, मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते, आणि नाही चिकटली तर खोटं बोलते. दुसऱ्या कामात मी जास्त पटाईत आहे.

सुरुवात सुजातापासून करते. माझ्यापासून केली, की मी लगेच स्वतःची बाजू मांडायला लागेन.

बजाजनगरला एका खोलीत आम्ही दोघी राहायचो. मी कन्नड तालुक्यातल्या एका गावातली, डिप्लोमा झालेली, वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला. तयार झालेला भाग मोजायचा, पास की नापास सांगायचं. सुजाता त्याच कारखान्यात जुळणीच्या लाइनवर. ती फर्दापूरची. तिचे वडील अजिंठा लेणीच्या रस्त्यावर रंगीत दगड आणि माळा विकायचे, आणि लहानपणी तीही पर्यटकांच्या मागं माळा घेऊन पळायची. त्यात जपानी यात्रेकरू असायचे. ते बुद्धासमोर हात जोडून उभे राहायचे — हिच्या घरचे राहायचे तसेच. आणि मग कुणीतरी त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत काहीबाही सांगायचं. माळा विकणाऱ्या त्या पोरीनं तेव्हाच ठरवलं, की मोठेपणी मी गाइड होणार, आणि यांना यांच्याच भाषेत सांगणार.

आता बोला! घरात वडिलांची कमाई सीझनपुरती, शाळा जिल्हा परिषदेची, आणि शिकायची काय — तर जपानी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. ती पण हसली. पण ती हसून पुन्हा कामाला लागली.

आमच्या खोलीत काळ्या कडप्प्याचा ओटा होता. कुकर लावला, की सुजाता खडू घेऊन त्या ओट्यावर जपानी अक्षरं काढायची. मोबाइलवर कुणी बाई बोलायची, ही तिच्यामागून बोलायची. ओट्यावर जागा संपली, की ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा पहिल्यापासून. कणकेत खडू गेला म्हणून मी कितीदा भांडलेय! पण भांडून उपयोग नसायचा, कारण ती कमरेत वाकून जपानीत माफी मागायची आणि मला हसू फुटायचं.

आणि हे सगळं ती धडधाकट मनानं करत होती असं समजू नका. आई गेल्यावर तिचं मन असं काही बसलं होतं, की कॉलेज सुटलं, बोलणं सुटलं. मग उपचार सुरू झाले, त्यातून थोडी उठली आणि वाळूजला कामाला आली. तिच्या गोळ्या फळीवर असायच्या, तिखट-मिठाच्या डब्यांशेजारी, उघड्या. कुणी विचारलंच तर सांगायची, डोक्याच्या आहेत, आणि पुढं मेथी निवडायला घ्यायची. वाईट दिवस तिला यायचेच. भिंतीकडं तोंड करून पडायची, जेवायची नाही. पण तसल्या दिवशीही एकदा उठायची, ओट्यापर्यंत जायची, एक अक्षर काढायची आणि परत येऊन पडायची. एकच. मी विचारलं, एका अक्षरानं काय होतं? तर म्हणाली, "वाईट दिवसाला एकच काम द्यायचं. दोन दिले का तो जिंकतो."

मोठ्या पदावरची, मोठ्या पगाराची माणसं मी पुढं पुष्कळ पाहिली. त्या ओट्यापर्यंत चालत जाणाऱ्या पोरीइतकं धैर्य मला कुणात दिसलेलं नाही. हे मी तिला कधी म्हटलं का? नाही. तेही राहूनच गेलं.

मग माझी पाळी आली. गावातली डिप्लोमा झालेली पहिली मुलगी मी. बाबा चावडीवर बसून माझं कौतुक सांगायचे. आणि इकडं मला शिफ्टच्या बसमध्ये कारण नसताना रडू यायचं. भोवती एवढी माणसं, डबे, हसणं-खिदळणं, आणि मला वाटायचं, आत्ता मी या सीटवरून नाहीशी झाले तर कुणाच्या लक्षात येईल? मोजायचं माप हातात धरून उभी राहायचे आणि समोरचा आकडा वाचता यायचा नाही. बाबांचा फोन आला, की सांगायचे, मजेत आहे.

सुजातानं ओळखलं. काही न विचारता तिनं सुट्टी टाकली, मला रिक्षात घातलं आणि तिच्याच डॉक्टरांकडं नेलं. माझा नंबर येईपर्यंत बाहेर बाकावर माझा हात धरून बसली. मला गोळ्या सुरू झाल्या. त्या दिवसांत मी तिच्या हातचं जेवले. जेवले म्हणजे — तिनं भरवलं, असं म्हणायला हवं. सकाळी ती माझ्या केसांत कंगवा घालायची आणि सांगायची, आज फक्त वेणी, बाकी काही नको. मी बरी झाले ती डॉक्टरांमुळं आणि तिच्यामुळं. कुणामुळं जास्त, ते सांगता येणार नाही.

गोळ्या मात्र मी लपवायचे. तांदळाच्या डब्यात, पार तळाशी. सुजाता म्हणायची, फळीवर ठेव गं, तांदूळ काय आजारी आहेत? पण आमच्याकडं डोक्याचं औषध म्हणजे सोयरीक मोडली म्हणून समजा. मी ऐकलं नाही.

आणि सोयरीक आलीच. मुलगा शहरात नोकरीला, बोलायला मऊ. मला आवडला होता, अगदी मनापासून. त्याची आई लहानपणीच गेलेली, त्याला वाढवलं मावशीनं. त्यामुळं त्या घरात मावशींचा शब्द शेवटचा. आणि मुलगी कंपनीत कामाला, एकटी खोली करून राहते म्हटल्यावर मावशी चौकशीला आल्या — आधी न कळवता, आमच्याकडं येतात तशाच. दारातल्या चपला बघितल्या, त्यात पुरुषाची तर नाही ना. मोरी बघितली. गादीचं टोक उचलून पाहिलं. सुजातानं चहा ठेवला, तर त्यांनी तिला आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर चहा तसाच बाजूला सारला. सुजातानं ते पाहिलं आणि वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर गेली.

फळीवरच्या सुजाताच्या गोळ्यांवरून मावशींची नजर तशीच पुढं गेली, आणि मग त्यांनी तांदळाच्या डब्यात हात घातला. तांदळात किडे आहेत का बघायला. जिच्या तांदळात किडा, ती बाई आळशी — असा त्यांचा नियम. हात कोपरापर्यंत आत गेला, आणि वर आला तो गोळ्यांची पाकिटं घेऊन.

"ह्ये काय गं?"

इथं मी जरा थांबते. हे वाक्य मनात मी इतक्या वेळा म्हटलंय, तरी अडखळतेय. घाबरले होते का? हो. पण घाबरलेलं माणूस गप्प बसतं, नाहीतर रडतं. मी दोन्ही केलं नाही.

मी म्हणाले, त्या सुजाताच्या आहेत. तिला डोक्याचा आजार आहे.

एवढ्यावर थांबले असते, तरी — नाही, तरीही ते वाईटच होतं. पण मावशींनी विचारलं, मग तांदळात कशाला? आणि माझं डोकं, ज्याला काही महिन्यांपूर्वी साधा आकडा वाचता येत नव्हता, ते त्या क्षणी झरझर चाललं. मी म्हणाले, तिच्यापासून लपवाव्या लागतात. एकदम सगळ्या खाऊन टाकेल, तिचा काय भरवसा? मीच रोज एकेक काढून देते. मीच सांभाळते तिला.

मी सांभाळते! मला घास भरवणाऱ्या पोरीला.

मान वळवली तर सुजाता दारात. हातात कपड्यांचा ढीग, त्यात माझेही कपडे. तिनं सगळं ऐकलं होतं. मावशींनी तिलाच विचारलं, खरंय का गं पोरी? सुजातानं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती आजाऱ्याकडं बघतात तसं बघत होती.

"व्हय," ती म्हणाली. "माझ्याच हायेत. ती हाय म्हणून मी हाय."

माझं खोटं इतक्या सहज का खपलं, यावर मी पुष्कळ विचार केलाय. बाजूला सारलेला तो चहा मी पाहिला होता. कुणाबद्दल काय सांगितलं तर या बाईला चटकन पटेल, हे मला बरोब्बर ठाऊक होतं. मी नुसती घाबरून खोटं बोलले नाही. मी जागा बघून बोलले.

आणि लग्न कशावर जमलं माहीत आहे? त्याच्यावरच. मावशींनी घरी जाऊन सांगितलं, परक्या पोरीला एवढं जपते, ती आपल्या घराला का जपणार नाही? माझ्या सासरी माझा जो काही मान आहे, त्याचा पाया हा आहे.

जाता जाता मावशी घरमालकिणीला सावध करून गेल्या. उद्या काही बरंवाईट झालं तर पोलीस तुमच्या दारात येतील, म्हणाल्या. मालकीण काकू वाईट नव्हत्या, पण त्यांनी सुजाताला खोली सोडायला सांगितलं. ती बातमी गल्लीत गेली, गल्लीतून शिफ्टच्या बसमध्ये गेली. सुजाताच्या शेजारची सीट रिकामी राहायला लागली. एवढ्या गर्दीच्या बसमध्ये! आणि मी कुठं बसायचे? पुढं. ड्रायव्हरच्या मागं. माझ्या एका वाक्यानं ते सगळं थांबलं असतं. ते वाक्य मी बोलले नाही, कारण साखरपुड्याची तारीख ठरत होती.

सुजातानं काम सोडलं आणि फर्दापूरला परत गेली. निघताना तिनं माझ्याशी भांडावं म्हणून मी वाट बघत होते. तिनं बादलीत भांडी भरली, ओटा स्वच्छ पुसला आणि एवढंच सांगितलं, की लग्न झालं म्हणून गोळ्या मनानं बंद करू नकोस. लग्नाला मी तिला बोलावलं नाही. तिच्या गावच्या एका मुलीकडून पुढं कळलं, की घरी गेल्यावर ती बराच काळ अंथरुणाला खिळली होती. ते ऐकलं त्या दिवशी आमच्याकडं पुरणपोळी होती. मी जेवले.

मी गोळ्या बंद केल्या नाहीत. घरात त्यांना थायरॉइडच्या म्हणतात.

या हिवाळ्यात आम्ही सगळे अजिंठ्याला गेलो. मावशींचे गुडघे आता गेलेत, पण हट्टानं आल्या. शेवटच्या लेण्यांकडं नवरा आणि मुलं पुढं गेली, मी मावशींना धरून हळूहळू चालत होते. आत निजलेल्या बुद्धासमोर म्हाताऱ्या जपानी माणसांचा एक गट उभा होता, आणि त्यांच्यासमोर साडी नेसलेली, गळ्यात गाइडचं ओळखपत्र घातलेली सुजाता बोलत होती. थोडी जाड झालीय. आवाज तोच. मला एक शब्द कळत नव्हता, पण ती माणसं कशी ऐकत होती ते दिसत होतं. कशावरून तरी ती सगळी हसली. मग त्यातल्या एका आजीबाईंना रडू आलं, तर हिनं बोलणं न थांबवता त्यांचा हात हातात घेतला. माझा धरला होता, तसाच. मला इतका आनंद झाला आणि इतकी लाज वाटली, की दोन्हींत फरक करता येईना. तिच्यासमोर जाण्याऐवजी मी काय केलं? ओढणी तोंडावर घेतली आणि मावशींना बाहेर पायरीवर बसवलं.

मावशी आतच बघत होत्या. म्हणाल्या, "केवढी शिकलीय गं ही पोरगी. आईबापाचं नाव काढलं. कोण्या घरची असंल?"

मी सांगितलं. ही कोण ते, कुठली ते, आणि मग सगळंच. गोळ्या कुणाच्या होत्या ते. कोण कुणाला सांभाळत होतं ते. नवरा लांबून येताना दिसत होता, तरी थांबले नाही. मावशींनी गुडघा चोळला. मग माझ्याकडं न बघता विचारलं,

"मंग त्या पोरीला म्या घराबाहेर काढलं, ते कोणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले.