वाट तिची, वार माझा

मत्सर करू नये, हे मी नोकरीभर मुलांना फळ्यावर लिहून दिलं. निवृत्त झाल्यावर मात्र चांगला घसघशीत मत्सर केला, आणि तोही एका पायवाटेवरून.

वाट बेळगावच्या पश्चिमेची. आमच्या वसाहतीच्या शेवटच्या घरांपासून निघते, भाताच्या बांधांतून जाते, एका गावाला वळसा घालते आणि बेळगुंदीकडच्या डोंगराच्या पायथ्याशी पोचते. गावाचं नाव लिहीत नाही. त्या लोकांना आम्ही आधीच पुष्कळ ताप दिला आहे. सकाळी आम्ही तिथे फिरायला जायचो, आणि गावातले कामगार त्याच वाटेनं सायकलवरून उद्यमबागेतल्या कारखान्यांत जायचे. पण शहरातली टोळकी मोटारसायकली घेऊन तिथे यायला लागली. भातात बाटल्या फुटायला लागल्या. गाव वैतागलं आणि एका सकाळी वाटेवर काटेरी तार आली. आमच्या नशिबी ट्रकची धूळ खात डांबरी रस्त्याच्या कडेनं चालणं आलं.

ती वाट माझी होती. यजमान गेल्यावर मला घराबाहेर काढलं ते त्या वाटेनंच. म्हणून ती उघडण्यासाठी माणसांची मोट मीच बांधायला घेतली. वसाहतीतले वकील, डॉक्टर, दोन निवृत्त प्राध्यापक, सगळ्यांना घरी बोलावलं, पोहे केले. आरोग्यावर चार भाषणं झाली, समिती झाली. अध्यक्ष मी. दुसरं कुणी तयार नव्हतं हे खरं, पण अध्यक्ष ते अध्यक्ष.

राहिलं गाव. गाव 'हो' म्हणालं तरच पंचायत हलणार होती. आषाढ होता आणि गावात वार पाळणूक चालू होती. आमच्याकडच्या खेड्यांत भाताची लावणी आटपली की काही आठवडे मंगळवारी देवीचा वार पाळतात. त्या दिवशी औत नाही, खुरपं नाही, शिवारात पाऊलसुद्धा टाकायचं नाही. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, मला हे कुणी सांगायला नको. म्हणून मी मंगळवार कटाक्षानं टाळला. बुधवारी गेले, गुरुवारी गेले, शनिवारी गेले. दाराला कुलूप, नाहीतर ओसरीवर एखादी म्हातारी. माणसं सगळी शेतात. संध्याकाळी गाठावं तर धारांची घाई आणि एकच उत्तर, "बघू की बाई." त्या 'बघू की'वर माझा महिना गेला.

अशात आमच्या गल्लीत ती राहायला आली. चिकोडीकडची, नवऱ्याचा उद्यमबागेत छोटा कारखाना. घरात कन्नड, दारात मराठी, आणि आवाज दोन्हीकडे सारखाच मोठा. आठवड्याभरात सगळ्यांची ती 'आक्का' झाली. मी इतकी वर्षं तिथे राहते, मला सगळे 'बाई' म्हणतात. बाईला लोक नमस्कार करतात आणि रस्ता बदलतात. आक्काला हाक मारून थांबवतात. कढईला चिकटलेलं दूध घासलं तरी निघत नाही, तसं ते माझ्या मनाला चिकटलं.

"एवढा चांगला रस्ता का बंद केलाय म्हणे?" तिनं मला विचारलं. मी समितीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "समिती असू दे वो बाई. जाऊन विचारूया की."

आणि मला न विचारता ती गेली. मंगळवारी! बरोबर फिरायला येणाऱ्या सात-आठ बायका आणि नवऱ्याच्या कारखान्यातले दोघे कामगार. तार ओलांडून थेट शिवारातून. गावकऱ्यांनी अडवल्याचा निरोप एका बाईनं मला फोनवर दिला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. बरी सापडली, म्हटलं. आता कळेल, मोट बांधणं म्हणजे काय असतं. मी हातातली भाजी तशीच टाकली आणि तमाशा बघायला रिक्षा केली.

देवळाच्या मंडपात पोचले तर तमाशा कसला, पंगत बसावी तशी माणसं बसलेली. अडवल्यावर आक्का म्हणे हात जोडून म्हणाली होती, "चुकलं. आम्हाला वार म्हाईत न्हवता. आता काय करायचं तुम्हीच सांगा." गावातल्या बायकांनी तिला देवीची ओटी भरायला लावली. ओटी भरून ती बसली, आणि बसलीच. वाराचा दिवस, कुणाला शेतात जायचं नव्हतं, कुणाला घाई नव्हती. ज्या माणसांच्या कुलपांना मी महिनाभर नमस्कार केला, ती सगळी एका मंडपात तिच्यापुढे. चहाचे पेले फिरत होते.

कुणाचं काय दुखतंय ते एकेक बाहेर पडत होतं. एक आजोबा म्हणाले, "फिरायला कोण न्हाय म्हणतंय? पर त्या गाड्यांनी लई वात आणलाय. भातात काचा. मागच्या खेपी माझ्या बैलाचा पाय कापला."

एक बाई म्हणाली, "आमच्या पोरी कालेजातनं त्याच वाटेनं येतात. कोण बी उभा असतंय तिथं."

माझ्या पोह्यांच्या बैठकीत यातलं एक अक्षर निघालं नव्हतं.

मलाही काही बोलावंसं वाटलं. आपल्यालाही काही कळतं हे दाखवावंसं वाटलं. मी म्हटलं, "आमच्या माहेरी पण वार कडक पाळतात. मला ठाऊक होतं. म्हणून तर मी मंगळवारी कधी आले नाही."

आजोबांनी मान हलवली. "तुम्ही बरोबर वागला बाई," म्हणाले, आणि आक्काकडे वळले.

आक्का माझ्याकडे बघत विचारात पडली होती. मग म्हणाली, "तुमचा वार आम्ही पण पाळला तर? वाराच्या दिवशी शहरातलं कुणी पाऊल टाकणार न्हाय. बाकी दिवस वाट उघडी. तोंडाला दगड रोवा, माणूस जाईल, सायकल जाईल, गाडी न्हाय जायची. काचा आम्ही वेचू. आणि पोरी यायच्या वेळी आमच्यातल्या बायका फिरायला येतील."

मग आजोबा हसले. "वार पाळतो म्हणणारा शहरवाला आज बघितला."

त्याच आठवड्यात तार निघाली. गाव, कामगार आणि आमची वसाहत मिळून पंचायतीत गेलो. आक्का कन्नडमध्ये बोलली, आजोबा मराठीत, आणि अध्यक्ष म्हणून मी नमस्कार केला. वाट सर्वांसाठी उघडी ठेवायचं ठरलं. सगळे मला म्हणाले, अभिनंदन. वार माझ्या माहेरचा, लहानपणापासून अंगात मुरलेला. मी तो आडकाठी म्हणून टाळत राहिले आणि तिनं त्याचंच दार केलं. हे मला सुचायला हवं होतं. मलाच सुचायला हवं होतं.

यंदाच्या आषाढातली गोष्ट. मंगळवारी सकाळी मी वाटेच्या तोंडाशी उभी होते. जायला नव्हे, कुणी चुकून आत शिरू नये म्हणून. मला कुणी नेमलं नव्हतं, मीच उभी राहते. वसाहतीत नव्यानं आलेली एक मुलगी कानातले इअरफोन काढून मला म्हणाली, "काकू, आज आत जायचं नसतं. आक्कांचा नियम आहे."

आक्कांचा नियम! माझ्या आजीनं, तिच्या आजीनं पाळलेला वार! मी तिला झाडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून तो मोठा आवाज आला.

"माझा न्हवं गं. हे बाईंच्या माहेरचं हाय. त्या दिवशी देवळात त्या बोलल्या, म्हणून तर मला सुचलं."

मुलीनं माझ्याकडे नव्या आदरानं पाहिलं. निदान एक तक्रार तरी माझ्या हक्काची होती, तीही तिनं ठेवली नाही. एवढा राग मला तिचा कधी आला नव्हता.

मग आम्ही दोघी डांबरी रस्त्यानं निघालो. दुखऱ्या गुडघ्यामुळे ती सावकाश चालते. मी मुद्दाम भरभर पुढे गेले, आणि वळणावर थांबून राहिले.