जाळीतली वांगी

कृषी महाविद्यालयात मोगऱ्याची रोपं आणायला गेले होते. मागे कुलूपबंद जाळीघरात वांगी लगडलेली दिसली. जांभळी, तुकतुकीत, एकालाही किडीचं भोक नाही. जनुक बदललेलं वाण. शेतात लावायला सरकारची परवानगी नाही. ओळखीच्या संशोधक सरांनी मला आत नेलं.

तिथे कामाला असलेल्या शेवंताबाई वांगी तोडून खड्ड्यात टाकत होत्या, जाळायला.

"कधी भाजी केलीत?" मी विचारलं.

"चाखायचीसुद्धा बंदी आहे, बाई. बाजारातली फवारलेली खातो की!"

ही वांगी खाण्याजोगी की घातक, मला काय कळणार? पण कुणीतरी ठरवायला हवं ना!

"मग लावता कशाला?"

"बी जगवायला," सर म्हणाले. "बी धरायचं, बाकी जाळायचं. फाईल दिल्लीत आहे."

"आणि नकार आला तर?"

"सुटेन हो! उपटून दुसरं काही हाती घेईन. पण ‘नाही’सुद्धा कुणी म्हणत नाही."

माणसाला नकाराचीही आस लागू शकते, हे मला नवीन होतं.

बाहेर पडताना एकही बी जाऊ नये म्हणून शेवंताबाईंनी मला चपला आणि पदर झटकायला लावला. सरांनी बूट काढून आपटले.

"नोकरीला लागलो त्या वर्षी पहिल्यांदा लावली होती," ते म्हणाले. "येत्या जूनमध्ये निवृत्त होतोय."

मग त्यांनी कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं.