बन्सीभाऊंचं काचेतलं रान

बन्सीभाऊंच्या दशक्रियेला कोल्हारच्या घाटावर कुणीतरी माझ्या हातात माईक दिला. "तुम्ही शेजारी, दोन शब्द बोला." मी माईक पुढच्याला दिला. बोलायला मला माहीत तरी काय होतं? आमच्या दोन घरांत एकच भिंत, पण त्यांचं आजोळ कुठलं, शाळा किती झाली, त्यांना भीती कशाची वाटायची, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मी पाटबंधारे खात्यात टंकलेखक होतो. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं टाईप केलं, त्यामुळे हेही धड उतरेल असं वाटत नाही. मला माहीत आहे ती त्यांची माशांची टाकी, आणि तिनं मला दिलेला वैताग.

हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी भाऊंना शेतीची कामं बंद करायला सांगितली. ऊस शेजारच्या मळ्यातल्या गोरक्षला वाट्यानं दिला. तरी भाऊ गुपचूप मळ्यात जायचे आणि फावडं उचलायचे. एकदा चक्कर येऊन सरीतच बसले. तेव्हा त्यांचा मुलगा रविराज पुण्याहून काचेची टाकी, दिवा आणि पाण्यातली रोपं घेऊन आला, लावायला काहीतरी हाताशी असावं म्हणून. चांगुणावहिनींनी मला बाजूला घेतलं.

"अण्णा, ह्येंचा जीव ह्यात रमला तर मळ्यात जायचे न्हाईत. न्हाई रमला तर येक दिवस उचलूनच आनावं लागंल. तुमी तेवढं मोबाईलवरचं वाचून दावा."

मी हो म्हणालो. नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही.

टाकी कशी लावायची ते मोबाईलवर सगळं नीट लिहिलं होतं. तळाशी दुकानातली माती, तिच्यावर धुतलेली वाळू, मग पाणी, रोपं, आणि मासे बऱ्याच दिवसांनी. मी वाचतोय तोवर भाऊंनी मळ्यातली काळी माती पसरून तिच्यावर शेणखत ओतलंसुद्धा.

"शेणखत कुठं लिहिलंय यात?"

"लिहिनाऱ्याला शेती हाय का? खत घातल्याबिगर पीक येतं व्हय?"

रोपंही त्यांनी ओळीत लावली, उसासारखी, मधे सरी सोडून. चार दिवसांत पाणी चहासारखं झालं आणि वास माझ्या घरापर्यंत आला. "देवघराच्या शेजारी उकिरडा मांडला," वहिनी म्हणाल्या. "आता येक म्हैस बांधा, म्हंजे झालं."

टाकी उपसली, पुन्हा भरली. या वेळी माझं ऐकलं, पण निम्मंच. मासे घाईनं सोडले. पानं पिवळी पडली म्हणून चिमूटभर युरिया टाकला. सकाळी मासे उलटे तरंगत होते. पुढे पाणी असं हिरवं झालं की पलीकडची भिंत दिसेना. मी जेवत असो की अंघोळीला निघालेला असो, भिंतीपलीकडून हाक यायची, "अण्णा, या जरा." मी वाचायचो, ते मान डोलवायचे आणि आपल्याच मनाचं करायचे. सगळ्यात जास्त चीड एका गोष्टीची यायची. रोज बाही वर सारून पाण्यात हात घालायचे आणि मूळ धरलं का ते बघायला रोप उपटायचे.

शेवटी एक दिवस त्यांनी दिव्याची वायर काढली. "न्हाई जमत. उद्यापासून मळ्यात जातो."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सहसा आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढला.

"भाऊ, पाणी दिलेल्या रानात वाफसा यायच्या आधी तुम्ही पाय घालता का?"

"कोन घालंल? ओलं रान तुडवलं की बिघडतंय."

"मग इथं रोज काय तुडवताय?"

ते टाकीकडे वळले. मग म्हणाले, "ह्येचा वाफसा कवा येतो?"

"तुम्ही हात काढल्यावर."

"मी तरी दुसरं काय सांगत हुते," वहिनी म्हणाल्या. "पन बायकूचं कोन ऐकतं."

भाऊंनी हात काढला. फार जड गेलं. हात पाठीमागे बांधून टाकीपुढे बसायचे. हळूहळू पाणी निवळलं, नवी पानं फुटली. दुपारी त्या पानांवर हवेचे बारीक मणी धरायचे. भाऊ तेवढ्यासाठी जेवण उरकून बसायचे. मळ्याचं नाव निघेना, आणि मला वाटलं सुटलो.

कसला सुटतोय. रोपं माजली. छाटावी लागायची, पण छाटलेलं टाकायला भाऊ तयार नव्हते. "जितं रोप उकिरड्यावर टाकायचं व्हय, अण्णा?" छाटलेलं सगळं बादल्यांत पाण्यात ठेवायचे; त्यांच्या बादल्या संपल्यावर माझ्या न्यायला लागले. आमच्या घरात कपडे भिजवायची पंचाईत झाली.

मग त्यांना मळ्यातलं जुनं तळं आठवलं. तिथं लावू म्हणाले. गोरक्ष मोटारसायकलवर नेणार होता. "फावड्याला हात लावायचा न्हाई," वहिनींनी बजावलं.

भाऊंनी लावला नाही. काठावर बसून गाळात एकेक रोप खोचत होते, निम्मी खोचून झाली आणि तसेच एका अंगावर कलंडले, असं गोरक्षनं मला घाटावर सांगितलं.

त्या दिवशी मळ्याकडे निघताना भाऊ माझ्या फाटकाशी थांबले होते.

"अण्णा, निळी बादली नेतोय तुमची."

"परत आणा. मागची अजून आलेली नाही."

"आनतो की. दुपारच्याला टाकीचा दिवा तेवढा बंद करा."

"करतो," मी म्हणालो.